राजा घालवला, पण सरकार काही टिकेना : नेपाळचं नेमकं बिनसलं कुठे?

मुसाफिर७७ | १० नोव्हें २०२५, २१:१४

सप्टेंबरात सिंहदरबार (नेपाळ सरकारचं मुख्य कार्यालय) जळताना टीव्हीवर पाहिला तेव्हापासून डोक्यात घोळतंय, शेवटी म्हटलं धागाच काढू.

२००६ च्या एप्रिलमध्ये नेपाळात लोक १९ दिवस रस्त्यावर होते, कर्फ्यू मोडून, दिसताक्षणी गोळी घालायचे आदेश असताना. शेवटी २४ एप्रिलच्या रात्री राजा ज्ञानेंद्र टीव्हीवर आला आणि संसद परत देतो म्हणाला. मग २८ मे २००८ ला संविधान सभेच्या पहिल्याच बैठकीत ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही खल्लास. फक्त चार विरोधात! आमच्या सोसायटीत लिफ्टचा रंग ठरवताना याहून जास्त विरोध होतो.

आणि एवढं करून पुढे काय? १७ वर्षांत एकाही पंतप्रधानाला पाच वर्षं पुरी करता आली नाहीत. शेवटी पुन्हा रस्त्यावर तरुण पोरं, पुन्हा गोळीबार, ८ सप्टेंबरला एका दिवसात १९ जण गेले आणि दुसऱ्या दिवशी संसद, सुप्रीम कोर्ट सगळं पेटलं.

माझं मत असं की लोकांना घाई झाली. राजाचे अधिकार काढून त्याला नुसता नावापुरता ठेवला असता, ब्रिटन, जपान, थायलंडसारखा, तर वर कुणीतरी कायमचं राहिलं असतं आणि खाली पक्षांनी हवं तेवढं भांडावं. मला राजेशाहीचं प्रेम वगैरे नाही, पण क्रांतीनंतर सरकारं अशी पत्त्यासारखी का कोसळतात हे खरंच समजून घ्यायचंय. जाणकारांनी लिहा.

खडूस | २१:२०

पहिली खुर्ची माझी. पॉपकॉर्न आणलेत.

अदिती_ठाणे | २१:५८

मुसाफिर, आधी यादी करून टाकते म्हणजे पुढचे प्रतिसाद हवेत गोळीबार होणार नाहीत. राजा गेल्यानंतरचे पंतप्रधान ओळीने: प्रचंड (माओवाद्यांचे नेते), माधवकुमार नेपाळ, झलनाथ खनाल, बाबुराम भट्टराई, खिलराज रेग्मी (हे खरं तर सरन्यायाधीश, निवडणूक घ्यायला बसवलेले), सुशील कोइराला, ओली, प्रचंड, देउबा, ओली, देउबा, प्रचंड, ओली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुशीला कार्की. चौदा झाले. २०२१ मध्ये ओलींनी मधेच पुन्हा शपथ घेतली ती वेगळी मोजली तर पंधरा.

आता यादीचा उत्तरार्ध परत वाचा. ऑक्टोबर २०१५ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, त्या खुर्चीवर ओली, प्रचंड आणि देउबा सोडून चौथा माणूस बसलेलाच नाही. याला अस्थिर म्हणायचं कसं? मला तर हे भयंकर स्थिर वाटतं. देउबा एकूण पाच वेळा पंतप्रधान, त्यातले पहिले तीन वेळा राजाच्या काळात. पोरं जी चिडली ती सरकार बदलतं म्हणून नाही चिडली, काहीच बदलत नाही म्हणून चिडली.

चिंगी | २२:०३

अदितीताई +१. वाचतेय.

दादासाहेब_वाई | २२:३१

अदितीताई, यादी उत्तम, पण निष्कर्ष उलटा आहे. तीन माणसं आलटून पालटून बसतात कारण त्यांना विचारणारं वर कोणी उरलं नाही. राजा असता तर कान धरला असता. पृथ्वीनारायण शहांनी अठराव्या शतकात छोटे छोटे तुकडे जोडून देश उभा केला, त्या घराण्याला एका मतदानात घराबाहेर काढलं, जनतेला थेट विचारलंसुद्धा नाही, सार्वमत घेतलं नाही. याच मार्चमध्ये ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूला परतले तेव्हा विमानतळावर हजारो लोक जमले होते, "राजा आऊ, देश बचाऊ" म्हणत. ते काय पैसे देऊन आणलेले होते? आपण पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींनी हे जरा मोकळ्या मनाने पाहावे.

राहुल_के | २३:४०

दादासाहेब, मान राखून असहमत. मी काही वर्षं काठमांडूत नोकरी केलीये, आणि तिथे वयस्क लोकांशी बोललं की राजाबद्दल प्रेम आणि राग दोन्ही एकाच वाक्यात ऐकू येतात.

कान धरण्याचं म्हणाल तर ज्ञानेंद्रनी तो धरून पाहिला की. ऑक्टोबर २००२ मध्ये देउबांना अकार्यक्षम ठरवून काढलं. मग लोकेंद्रबहादूर चंद आणले, २००३ मध्ये ते जाऊन सूर्यबहादूर थापा, २००४ मध्ये ते जाऊन कोण? परत देउबा! ज्यांना अकार्यक्षम म्हणून काढलं तेच. आणि १ फेब्रुवारी २००५ ला त्यांनाही काढून महाराज स्वतःच बसले, त्या दिवशी देशभर फोन बंद. म्हणजे तीन वर्षांच्या आत तीन पंतप्रधान, आणि हे सगळं राजाच्या मर्जीने. त्यालाही स्थिर सरकार जमलं नाही.

मागे गेलात तर अजून गंमत. १९९४ ला जी संसद निवडून आली तिने १९९९ पर्यंत पाच पंतप्रधान पाहिले: मनमोहन अधिकारी, देउबा, चंद, थापा, गिरिजाप्रसाद कोइराला. तेव्हा राजा बीरेंद्र गादीवर होते, घटनात्मक राजा, अगदी मुसाफिर म्हणतायत तसे. १९५१ ला राणांची (वंशपरंपरागत पंतप्रधानांची) सत्ता गेली तेव्हापासून १९५९ च्या पहिल्या निवडणुकीपर्यंत पण हेच, के. आय. सिंह तर चारेक महिने टिकले. आणि ज्या एकाकडे खरंच स्पष्ट बहुमत होतं, बी. पी. कोइराला, १०९ पैकी ७४ जागा, त्यांना राजा महेंद्रनी डिसेंबर १९६० मध्ये थेट तुरुंगात टाकलं. मग तीस वर्षं पंचायत नावाची राजाची राजवट, पक्षांवर बंदी. त्या काळात स्थैर्य होतं हे खरं, पण पक्ष चालवायचा कसा, हरल्यावर विरोधात कसं बसायचं, हे शिकायला जी तीस वर्षं मिळायला हवी होती ती नेत्यांनी तुरुंगात आणि बनारसात काढली.

त्यामुळे राजा गेला म्हणून सरकारं पडायला लागली, हे आकडे बघता टिकत नाही.

मुसाफिर७७ | २३:५२

राहुल, हे १९९४ ते ९९ वालं मला माहीत नव्हतं. माहितीपूर्ण. पण मग ब्रिटन-जपानात जमतं ते इथे का नाही?

खडूस | २३:५५

थायलंड पण लिहिलं होतंस मालक. तिथे राजा आहे, २००६ आणि २०१४ ला लष्कराने सरकार पाडलं, आणि उरलेल्या पंतप्रधानांना कोर्ट घरी पाठवतं. याच ऑगस्टमध्ये एक गेल्या. तेवढं थायलंड एडिट कर गुपचूप.

गोंयकार | ११ नोव्हें, ०८:४६

पात्रांव, सकाळी सकाळी चांगला धागा. माझ्या आवडीचं उदाहरण टाकतो, कारण आमच्या गोव्याचं नशीब त्याला बांधलेलं होतं. पोर्तुगाल.

१९०८ मध्ये लिस्बनच्या रस्त्यावर राजा कार्लुश आणि त्याचा थोरला मुलगा, दोघांनाही गोळ्या घातल्या. धाकटा मानुएल गादीवर. ५ ऑक्टोबर १९१० ला क्रांती झाली तेव्हा हा राजा वीस वर्षांचा. एरिसेरा नावाच्या कोळ्यांच्या गावी गेला, किनाऱ्यावरून होडीतून बोटीपर्यंत, बोटीने जिब्राल्टर, तिथून इंग्लंड. संपली राजेशाही.

आणि पुढची सोळा वर्षं? ४५ सरकारं. पंचेचाळीस. आठ राष्ट्राध्यक्ष. नेपाळवाले त्यांच्यापुढे अगदी सभ्य वाटतात. रिपब्लिकन पक्ष राजाविरुद्ध एक होता, राजा गेल्यावर दोन वर्षांत त्याचे तीन तुकडे: अफोंसो कोस्ता एकीकडे, आल्मेदा दुसरीकडे, कामाशो तिसरीकडे. नवी घटना केली १९११ ला, तीत राजाची इतकी धास्ती की राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करायचा अधिकारच नाही दिला. म्हणजे संसद वाटेल तेव्हा सरकार पाडणार, पण सरकार पडलं म्हणून संसदेला मतदारांकडे जावं लागणार नाही. मग पाडायला काय जातंय? ही तरतूद १९१९ ला बदलली पण तोवर सवय लागून गेली. १९२१ च्या ऑक्टोबरात एका रात्री पंतप्रधान ग्रांजोलाच ठार मारलं. लोक इतके विटले की २८ मे १९२६ ला लष्कराने बंड केलं तेव्हा फारसं कुणी अडवलं नाही, आणि त्या दारातून आला सालाझार. १९२८ ला अर्थमंत्री, १९३२ ला पंतप्रधान, मग १९६८ पर्यंत हललाच नाही.

आता आमचं. हे सोळा वर्षांचं गोंधळी प्रजासत्ताक गोव्यातल्या हिंदूंना मात्र लाभलं. चर्च आणि सरकार वेगळं झालं, सरकारी नोकऱ्या उघडल्या, मराठी छापखाने, वाचनालयं, शाळा याच काळात फोफावल्या. माझे पणजोबा त्या वेळच्या मराठी शाळेत शिकलेले. आणि सालाझारचं स्थैर्य आलं तेव्हा १९३० चा कॉलोनियल ॲक्ट आला, आम्ही पुन्हा वसाहत. गोव्याचे नेते मिनेझिस ब्रागांझांनी त्याच वर्षी भर कौन्सिलात त्याला विरोध करून स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. त्या स्थैर्यातून सुटायला आम्हाला १९६१ उजाडावं लागलं. त्यामुळे दादासाहेब, स्थिर सरकार म्हटलं की माझ्या पोटात जरा गोळा येतो.

जाता जाता, त्या ४५ सरकारांपैकी पहिल्याच सरकारने १९१० च्या शेवटी लग्न आणि घटस्फोटाचे कायदे केले ते आमच्याकडे अजून चालतात. सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन एकदा सही, मग काही दिवसांनी परत जाऊन दुसरी सही. माझ्या भावाचं लग्न नुकतंच झालं, वहिनी पुण्याची, ती विचारत होती दोनदा कशाला, पहिल्यांदा खोटी होती का. तिला म्हटलं लिस्बनला जाऊन विचार.

चिंगी | ०९:१०

गोंयकार, काय लिहिता हो तुम्ही! वेगळा लेख करा याचा.

खडूस | ०९:१२

१९२६ चं बंड २८ मे, नेपाळची राजेशाही गेली २८ मे, आणि तीच संविधान सभा घटना न लिहिता बरखास्त झाली ती पण २८ मे २०१२. कुंडलीवाले आहेत का कोणी?

दादासाहेब_वाई | ०९:३०

२८ मे म्हणजे सावरकर जयंती.

खडूस | ०९:३१

आता हा धागा ३०० जाणार.

अदिती_ठाणे | ०९:४४

नको नको. कृपया नेपाळवर या.

तोरीनोकर | ११ नोव्हें, १५:०२ (इटलीत सकाळ)

गोंयकारांचं वाचून राहवलं नाही. मी तोरीनोत राहतो. इथे १९४६ च्या २ जूनला मतदान घेऊन राजा घालवला, ५४ टक्के प्रजासत्ताकाच्या बाजूने. दादासाहेबांना हवं होतं तसं रीतसर सार्वमत. राजा उंबेर्तो जेमतेम महिनाभर गादीवर होता. आणि आत्ता मेलोनीबाईंचं सरकार हे तेव्हापासूनचं ६८ वं. म्हणजे सरासरी काढा, वर्षाच्या थोडं वर.

पण देश बुडाला का? पन्नास-साठच्या दशकात, जेव्हा सरकारं धडाधड पडत होती, तेव्हाच तर इटली वर आला. मिलान ते नेपल्स महामार्ग १९५६ ला खणायला घेतला आणि १९६४ ला गाड्या धावायला लागल्या, मधल्या काळात कितीतरी पंतप्रधान बदलले, रस्त्याचं काम कुणी थांबवलं नाही. आणि अदितीताईंचा मुद्दा इथेही तंतोतंत: ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष नव्वदच्या दशकापर्यंत प्रत्येक सरकारात होताच, आंद्रेओत्ती नावाचे गृहस्थ सात सरकारांचे पंतप्रधान. सरकार पडलं म्हणजे त्याच घरातल्या माणसांनी खोल्या बदलल्या इतकंच. इटालियन लोक सरकार पडलं तर कॉफी पिता पिता खांदे उडवतात.

त्यामुळे माझा प्रश्न वेगळा: सरकार पडल्याने नेमकं काय बिघडतं? इटलीत नाही बिघडलं (तितकं), नेपाळात का बिघडलं?

मी_नर्मदा | १५:४०

तोरीनोकर, इटली सार्वमताने झाला, ती जनक्रांती नाही म्हणता येणार. तुलना थोडी ताणलेली आहे. पण प्रश्न बरोबर.

मी वकील आहे, घटनेच्या बाजूने लिहिते. नेपाळच्या २०१५ च्या घटनेत सरकार टिकावं म्हणून खास सोय केलेली आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पंतप्रधान झाल्यावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणताच येत नाही, आणि एकदा आणून फसला तर पुढे वर्षभर परत नाही. कागदावर किती छान! प्रत्यक्षात काय झालं तर पाठिंबा काढून घ्यायचा, मग पंतप्रधानाला तीस दिवसांत विश्वासमत घ्यावंच लागतं. प्रचंड २०२२ च्या डिसेंबरात पंतप्रधान झाले तेव्हा २७५ च्या सभागृहात त्यांच्या पक्षाच्या जागा ३२. बत्तीस! पहिल्या विश्वासमताला २६८ मतं पडली, म्हणजे विरोधी पक्ष नावाला उरला नाही, नेपाळी काँग्रेसनेही बाजूने मत दिलं. दीड वर्षात पाच वेळा विश्वासमत घेतलं, चार जिंकले, पाचवं जुलै २०२४ ला हरले. कधी ओलींबरोबर, कधी काँग्रेसबरोबर, परत ओलींबरोबर.

निवडणूक पद्धतही अशी की एकाला बहुमत मिळणं अवघड, १६५ जागा थेट, ११० पक्षाच्या मतांच्या प्रमाणात. ती मुद्दामच तशी केली, मधेसी (दक्षिणेच्या सपाट पट्ट्यातले लोक), जनजाती, दलित, महिला यांना आत आणायला. आणि ते योग्यच होतं असं माझं मत आहे, नाहीतर २००६ ला रस्त्यावर उतरलेल्यांपैकी निम्मे पुन्हा बाहेरच राहिले असते. पण त्याची किंमत म्हणजे आघाडी सरकारं. आघाडी वाईट नसते, आघाडीत शब्द पाळावा लागतो एवढंच.

राहुल_के | १६:२५

नर्मदाताईंनी शब्द पाळण्याचं लिहिलं त्यावरून. २०१७ च्या निवडणुकीनंतर ओली आणि प्रचंड यांचे पक्ष एक झाले, मे २०१८. जवळजवळ दोन तृतीयांश बहुमत, म्हणजे संख्येची अडचण शून्य. मग तरी सरकार का पडलं? कारण दोघांचं आतल्या आत ठरलं होतं, निम्मा काळ तू, निम्मा काळ मी. आणि वेळ आल्यावर एक म्हणतो असं ठरलंच नव्हतं.

खडूस | १६:२७

थांबा थांबा. अडीच-अडीच वर्षं? बंद दाराआड? हे मी कुठेतरी ऐकलंय.

चिंगी | १६:२९

😂😂 मातोश्री ते बालुवाटार (नेपाळी पंतप्रधानांचं निवासस्थान)

दादासाहेब_वाई | १६:३३

ठरलं नव्हतंच.

गोंयकार | १६:३५

ठरलं होतं.

ॲडमिन | १६:५०

महाराष्ट्राच्या राजकारणावर वेगळा विभाग आहे. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

राहुल_के | १७:१५

:) पुढे लिहितो. ओलींनी डिसेंबर २०२० ला संसद बरखास्त केली, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारीत परत जिवंत केली. मे २०२१ ला पुन्हा बरखास्त, जुलैत कोर्टाने पुन्हा जिवंत केली आणि या वेळी देउबांना पंतप्रधान नेमा असा सरळ आदेशच दिला. म्हणजे बहुमत असूनही सरकार पडतं. त्यामुळे पद्धतीला, घटनेला किती दोष द्यायचा याला मर्यादा आहे.

आता तोरीनोकरांचा प्रश्न, सरकार पडल्याने काय बिघडतं. इटलीत खालची यंत्रणा चालू राहिली असावी. नेपाळात भागबंडा नावाचा प्रकार आहे, म्हणजे वाटप. सरकार बदललं की फक्त मंत्री बदलत नाही. राजदूत, महामंडळांचे अध्यक्ष, विद्यापीठांचे कुलगुरू, आयोगांचे सदस्य, सगळं पक्षांमध्ये वाटून घेतात, तुझे इतके माझे इतके. आमची कंपनी एका सरकारी खात्यासाठी सॉफ्टवेअर करत होती. मंत्री बदलला की सचिव बदलायचा, सचिव बदलला की प्रकल्पाचा प्रमुख बदलायचा, आणि नवा माणूस पहिल्या मिटींगला विचारायचा की हे आपण का करतोय. आम्ही तेच प्रेझेंटेशन घेऊन परत उभे. नंतर नंतर तर फक्त पहिल्या स्लाइडवरचं साहेबांचं नाव बदलायचो. एकदा ते बदलायचं राहिलं आणि नव्या साहेबांसमोर जुन्यांचं नाव झळकलं, ते शांतपणे म्हणाले, राहू दे, ते परत येतील.

तुमच्या महामार्गासमोर आमचं मेलम्ची ठेवतो. काठमांडूला पाणी आणायचा बोगदा. १९९० च्या सुमारास पंतप्रधान कृष्णप्रसाद भट्टराई म्हणाले होते की मेलम्चीच्या पाण्याने काठमांडूचे रस्ते धुवून देईन. पाणी शहरात पोचलं मार्च २०२१ ला. आणि जूनमध्ये पूर येऊन मुखाशीच गाळ भरला.

तोरीनोकर | १८:०५

राहू दे ते परत येतील 😄 हे सही आहे. बरोबर, फरक इथेच असणार. इथे प्रीफेक्ट (जिल्ह्याचे सरकारी अधिकारी), रेल्वे, शाळा मास्तर यांना सरकार पडल्याचं कळतही नसे.

मिसेस_पाटील_नेरुळ | २०:४१

मी एरवी फक्त वाचते, आज लिहितेय. आमच्या सोसायटीचा वॉचमन कैलाली जिल्ह्यातला आहे, बरीच वर्षं इथेच. सप्टेंबरात बातम्या बघताना त्याला विचारलं की तुमच्याकडे एवढं काय चाललंय. तो म्हणाला, भाभी, राजा था तब भी इधर ही था, राजा गया तब भी इधर ही था. मग म्हटलं मत कोणाला दिलंस, तर म्हणे दिलंच नाही कधी, मतदानाला गावी जायचं तर पगार कापला जातो आणि भाडं वेगळं. पोराला कतारला पाठवायचं चाललंय त्याचं.

राहुल_के | २१:०२

पाटीलकाकू, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. परदेशात असलेल्या नेपाळ्यांना तिथून मत देता येत नाही, सोयच नाही. आणि देशाच्या जीडीपीचा साधारण चौथा हिस्सा बाहेरून येणाऱ्या पैशावर आहे. काठमांडू विमानतळावर रोज रांगा असतात, सारख्या टोप्या घातलेली पोरं, एजंटने दिलेली पिशवी छातीशी, आखातात आणि मलेशियात निघालेली. म्हणजे जो वयोगट निवडणुकीत सरकारला जाब विचारणार तोच मतदानाच्या दिवशी देशात नाही. नेत्यांना सरकार पाडायची भीती का वाटावी?

या वेळी फरक पडला कारण सरकारने ४ सप्टेंबरला २६ सोशल मीडिया ॲप बंद केली. बाहेर गेलेल्या बापाशी, भावाशी बोलायचं साधनच तोडलं. त्यात नेत्यांच्या मुलांचे महागड्या बॅगांचे फोटो आधीच फिरत होते.

चिंगी | २१:२०

अवांतर: डिसेंबरात आम्ही पोखराचं बुकिंग केलंय, सासूबाईंना मुक्तिनाथ करायचंय. जावं का?

राहुल_के | २१:२६

खुशाल जा. पण मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर आहे, सासूबाईंना थेट जीपने एका दिवसात वर नेऊ नका, जोमसोमला मुक्काम करा. आणि डिसेंबरात तिथे थंडी मरणाची.

दादासाहेब_वाई | २१:५५

चांगली चर्चा चालू आहे. ज्ञानेंद्रांची कारकीर्द वाईट होती हे मी मान्य करतो, ते मी कधीच नाकारलेलं नाही. बीरेंद्र वाचले असते तर वेळ वेगळी असती असं माझं म्हणणं. १ जून २००१ च्या रात्री नारायणहिटी राजवाड्यात जे हत्याकांड झालं त्याने राजाबद्दलची श्रद्धाच मोडली. आणि त्यातही आपला धागा आहे, युवराज दीपेंद्र ज्या देवयानी राणाशी लग्न करणार म्हणत होता तिची आई ग्वाल्हेरच्या शिंद्यांची कन्या. मराठा रक्त. नानासाहेब पेशवेही शेवटी नेपाळच्याच तराईत गेले. असो. पण राहुल, राजाने नाही तर कुणीतरी पक्षांवर वचक ठेवायला हवा की नको? तो कोण?

मी_नर्मदा | २२:२०

दादासाहेब, एक माणूस चांगला निघाला असता तर, हाच तर राजेशाहीचा प्रॉब्लेम.

वचकाबद्दल. राजा गेल्यावर तो वचक कोणाकडे जावा यावरच पहिला राडा झाला होता. २००९ मध्ये पंतप्रधान प्रचंडनी सेनाप्रमुख कटवाल यांना काढलं, राष्ट्राध्यक्ष रामवरण यादवांनी थेट सेनाप्रमुखांना पत्र पाठवून पदावर राहा सांगितलं, प्रचंडनी ४ मे ला राजीनामा दिला. माओवाद्यांचे १९ हजारांवर लढवय्ये तेव्हा छावण्यांत बसून होते, त्यांना सैन्यात घ्यायचं की नाही हे ठरलेलं नव्हतं. माओवाद्यांशी दहा वर्षांचं युद्ध, सतरा हजारांच्या आसपास माणसं मेलेली, आणि सैन्य कोणाचं हा प्रश्न उघडा ठेवून सगळे सरकार बनवायला बसले. ज्या सात पक्षांनी आणि माओवाद्यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीत बारा कलमी करार केला त्यात राजाची निरंकुश सत्ता संपवायची हे पक्कं होतं. त्यानंतरचं पुष्कळसं पुढे बघू. ते पुढे बघू म्हणता म्हणता घटना यायला २०१५ उजाडलं. आणि आली तेव्हा मधेसात आग, सीमेवर नाकेबंदी.

तेव्हाच्या पेचाचा नमुना: २०१० ला माधवकुमार नेपाळांनी राजीनामा दिल्यावर नवा पंतप्रधान निवडायला संसदेत सोळा फेऱ्या झाल्या आणि सगळ्याच्या सगळ्या निष्फळ गेल्या. रामचंद्र पौडेल पुन्हा पुन्हा उभे, पुन्हा पुन्हा पडले. सात महिने राजीनामा दिलेलाच माणूस पंतप्रधान. (पौडेल २०२३ ला राष्ट्राध्यक्ष झाले, सप्टेंबरात कार्कींना शपथ त्यांनीच दिली.)

खडूस | २२:२४

सोळा वेळा नापास होऊन शेवटी मुख्याध्यापक. आईला हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

मुसाफिर७७ | १२ नोव्हें, ०७:५०

सगळ्यांचे आभार, रात्री उशिरापर्यंत वाचत होतो. मी मूळ धाग्यात राजा ठेवायला हवा होता म्हटलं ते राहुलच्या १९९४ वाल्या मुद्द्यानंतर तसंच्या तसं धरत नाही. पण अदितीताई, तुमचंही पूर्ण पटलं नाही. तीनच माणसं होती म्हणून स्थिर म्हणताय, पण सामान्य माणसासाठी दर वर्षाला साहेब बदलणं म्हणजे अस्थिरच ना. राहुलची पहिली स्लाइड!

माझा उरलेला प्रश्न: पोर्तुगालात सोळा वर्षांनी सालाझार आला. नेपाळात सतरा वर्षं झाली, लष्कर सप्टेंबरात रस्त्यावर होतं, सत्ता हातात घ्यायची तर तीच वेळ होती. घेतली नाही. सेनाप्रमुखांनी पोरांना बोलावून घेतलं, पोरांनी डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर चर्चा करून निवृत्त सरन्यायाधीश कार्कीबाईंचं नाव पुढे केलं. हे वेगळं का झालं?

गोंयकार | ०८:३०

पोर्तुगालचं लष्कर तेव्हा पहिल्या महायुद्धातून हात पोळून आलेलं, पगार थकलेले, नोटा छापून छापून पैशाची किंमत गेलेली. अधिकारी आधीच राजकारणात बुडालेले, १९१७ ला पण एका मेजरने बंड केलंच होतं, सिदोनियो पाइश, पुढच्या वर्षी स्टेशनवर गोळी घालून मारला त्याला. नेपाळी सैन्य राजाचं म्हणून बदनाम झालेलं, ते तेव्हापासून जरा जपून असतं. आणि निम्मी प्रतिष्ठा युनोच्या शांतिसेनेतून येते, बंड केलं तर ते काम गेलं.

अदिती_ठाणे | ०९:०५

मुसाफिर, ठीक, "स्थिर" चिमटा काढायला लिहिलं होतं. पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. २०१७ पासून तिथे ७५३ पालिका आहेत, त्याआधी पंधरा वर्षं गावपातळीवर निवडून आलेलं कोणी नव्हतंच. महापौर थेट लोकांतून निवडतात, पाच वर्षं राहतात. काठमांडूत २०२२ ला बालेन शाह अपक्ष निवडून आले, आवडो न आवडो, ते २०२५ पर्यंत तरी त्या खुर्चीवर टिकले आणि तेवढ्या काळात वर तीन पंतप्रधान होऊन गेले. वरचा मजला हलतोय पण खालचा टिकलाय.

मी_नर्मदा | ०९:३२

म्हणूनच आता आंदोलक पोरांतल्या बऱ्याच जणांची मागणी आहे की पंतप्रधानही थेट लोकांनी निवडावा. ५ मार्च २०२६ ची निवडणूक मात्र जुन्याच पद्धतीने ठरली.

दादासाहेब_वाई | ०९:४०

याला माझा पाठिंबा आहे. थेट निवडलेला, पाच वर्षं हलवता न येणारा.

तोरीनोकर | १३:१८

इस्रायलने हे करून पाहिलंय. १९९६, १९९९ आणि २००१ ला पंतप्रधान थेट निवडला. झालं उलटंच, लोक एक मत पंतप्रधानाला देऊन मोकळे व्हायचे आणि दुसरं मत आपापल्या छोट्या पक्षाला, संसदेत अजून तुकडे, पंतप्रधान अजून अडचणीत. २००१ मध्ये कायदाच रद्द केला.

दादासाहेब_वाई | १३:४४

इस्रायलची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाच वर्षं पक्की नव्हती, संसद अविश्वास आणू शकत होती. मी म्हणतो ती पद्धत ती नव्हे.

मी_नर्मदा | १३:५८

दादासाहेब, मग तुम्ही म्हणताय ती अध्यक्षीय पद्धत झाली. आणि समजा असा माणूस निवडून आला, त्याच्या पक्षाच्या संसदेत ३२ जागा, पाच वर्षं बजेट कोण पास करणार?

खडूस | १४:०१

ज्ञानेंद्र. (हलकेच घ्या.)